थोरल्या आईची आठवण कशी जपावी

पोरांनो, तुमची थोरली आई, म्हणजे माझ्या आत्ती, जाऊन येत्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे भिलवडीला याल, फोटोला हार घालाल, ‘माउली होती’ म्हणाल. माउली होत्याच. पण तेवढ्यानं माणूस ध्यानात राहत नाही. मी त्यांची थोरली सून, चाळीसवर वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. काय जमलं आणि काय राहून गेलं, त्यावरून चार गोष्टी सांगते. घरात अजून म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यापाशी बसताना उपयोगी पडतील.

साल विचारू नका, खूण विचारा. ‘तुमचा जन्म कधीचा?’ म्हटलं की आत्ती नुसत्या हसायच्या. पण ‘कोयनेच्या भूकंपाला कोण कोण झालं होतं?’ म्हटलं की बोलायला लागायच्या. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. बाळंतपणाला त्या पाटणकडं माहेरी होत्या. बारा दिवसांची लेक पदराखाली घेऊन अंगणात धावल्या आणि पुढं कितीतरी दिवस उघड्यावरच चूल मांडली. एवढ्या खुणेवरून लेकीचं वय कळलं, तिच्या मागच्यापुढच्यांचंही कळलं. १९७२चा दुष्काळ, २००५ आणि २०१९चे महापूर, या आपल्याकडच्या पक्क्या खुणा. प्रत्येक खुणेला विचारा, ‘तेव्हा घरात काय शिजत होतं?’ दुष्काळातल्या लाल मिलोच्या भाकरीपासून सगळं घर डोळ्यांसमोर उभं राहतं.

हाताचा अदमास तराजूवर घ्या. कांदा-लसूण चटणीला किती धने, असं विचारलं तर त्या म्हणायच्या, ‘घ्यायचे मूठभर.’ मी मूठभर घ्यायची आणि चव बिघडायची. एका उन्हाळ्यात मी परातीशेजारी वजनकाटा ठेवला. त्यांनी मूठ भरली की म्हणायची, ‘आत्ती, आधी या वाटीत सोडा.’ त्यांची धन्याची मूठ सतरा ग्रॅमची निघाली, माझी तेवीसची. त्यांचे हात बारके होते, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. खोबरं, तीळ, मिरची, सगळं असंच मोजून वहीत उतरवलं. ती चटणी आजही तशीच होते.

गप्प माणसाला मुद्दाम विचारा. आपल्याच मुलखातल्या हौसाबाई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढं नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग झालं. त्यात मार खाणारी बायको हौसाबाई होत्या. पोलिसांचं लक्ष तिकडं गुंतलं आणि साथीदारांनी ठाण्यातली हत्यारं नेली. २०२१ साली, ९५ वर्षांच्या होऊन त्या गेल्या. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारानं उतारवयात समोर बसून विचारलं, म्हणून हे त्यांच्या तोंडून नोंदलं गेलं. तुमच्या घरच्या म्हातारीनं बंदूक पाहिलीही नसेल. पण तिनंही काहीतरी पेललेलं असतं. मोबाइलवर आवाज भरून घ्या. निवडण-टिपण चाललेलं असताना विचारा. हात कामात असला की जीभ मोकळी होते.

फोटो वर ठेवा, नावं मागं लिहा. २०१९च्या पुरात फोटोंची ट्रंक पलंगाखाली राहिली, ही माझी चूक. भिजून चिकटलेले फोटो मी ओढून सोडवले आणि कितीतरी चेहरे गेले. फोटो भिजले तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटू द्या आणि सावलीत कपड्यावर पसरा. मागं मऊ पेन्सिलीनं, न दाबता, नाव आणि गाव लिहा. पूररेषा बघून माळ्यावर ठेवा.

माहेर लिहा. त्या गेल्या तेव्हा पेपरातल्या निधनवार्तेत मुलगे, सुना, नातवंडं सगळी आली, पण त्यांच्या माहेराचा उल्लेखच राहिला. आयुष्यभर त्या घाटावर गेल्या की आधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायच्या. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी आपल्या भिलवडीवरून वाहतं. त्यांच्या लेखी ते माहेरचं पाणी होतं. आणि आपण तेच गाळलं.

नुसतं कौतुक करू नका. ‘सगळ्यांना वाढून शेवटी जेवायच्या,’ असं आपण अभिमानानं सांगतो. मला आता ते टोचतं. त्यांना काय आवडतं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, ‘साताऱ्याचा कंदी पेढा. पण अख्खा.’ तोवर त्यांच्या वाट्याला कायम पोरांनी मोडून उरलेला तुकडा यायचा.

म्हणून वर्षश्राद्धाला साताऱ्याकडून येणाऱ्यांनी पेढे आणा. आणि वाट वाकडी करून पाटणला त्यांच्या धाकट्या बहिणीला भेटा. मावशी पंच्याऐंशीच्या आहेत. आधी एक अख्खा पेढा त्यांच्या हातावर ठेवा, मग वही उघडा.