व्हेंटिलेटरवरून घरी आल्यावर

"फोटो चांगला आलाय म्हणता, मग ह्यांना खुर्चीतून उठवायला दोन माणसं का लागतात?"

लेप्टोतून (लेप्टोस्पायरोसिस) वाचलेल्या एका शेतकऱ्याच्या बायकोचा हा प्रश्न. भातलावणीत ताप आला, पाचव्या दिवशी फुप्फुसं निकामी झाली, पुढे सोळा दिवस व्हेंटिलेटर. महिन्याभराने माझ्यासमोर बसले तेव्हा एक्स-रे जवळपास साफ होता, बोटाला ऑक्सिजन ९६. आणि तरी माणूस अर्धा झालेला.

फुप्फुसं अशी निकामी होण्याला आम्ही एआरडीएस म्हणतो. लेप्टो, डेंगी, स्वाइन फ्लू, न्यूमोनिया, कोविड, कुठल्याही वाटेने तो येतो. टोरांटोच्या डॉक्टरांनी अशा १०९ रुग्णांचा पाठपुरावा केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर फुप्फुसं बरीचशी सावरली होती, पण सहा मिनिटांत ते चालत होते अपेक्षेच्या दोन-तृतीयांश अंतर. कामावर परतले होते जेमतेम निम्मे. आयसीयूतून बाहेर पडेपर्यंत त्यांचं सरासरी १८ टक्के वजन गेलं होतं आणि त्यात स्नायू भरपूर. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच: ह्यांची छाती बरी झाली, मांड्या नाही झाल्या.

म्हणून घरच्यांच्या "पडून राहा, आराम कर" या मायेची मला धास्ती वाटते. पहिल्या आठवड्यात खुर्चीतून दिवसातून चार-पाच वेळा उठणं-बसणं, मग अंगणापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. चालताना बोलता येईल इतकीच धाप लागावी. ऑक्सिजन बसल्या जागी मोजून भागत नाही, चालून आल्यावरही मोजा. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली जात असेल, तर थांबा आणि कळवा. पाऊल लोंबत असेल किंवा खांदा आखडला असेल, तर फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा, आपोआप सुटेल म्हणून वाट बघू नका.

पेजेवर स्नायू भरत नाहीत. पेज पचते, पण तिच्यात प्रथिनं नावालाच. साठ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला साधारण ७५ ते ९० ग्रॅम लागतात, आणि एका अंड्यातून मिळतात सहा. म्हणजे अंडी, मासे, दही, घट्ट वरण, उसळ हे दिवसभर थोडंथोडं पोटात जायला हवं. मूत्रपिंडाला इजा झाली असेल (लेप्टोत ती होतेच बऱ्याचदा), तर हा हिशेब आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता घसा. व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस असली की गिळणं बिघडू शकतं. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर ताठ बसवून छोटे घोट द्या आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. त्याहून महत्त्वाचं: काही आठवड्यांनी श्वास घेताना घर्र असा आवाज येऊ लागला, तर तो दमा समजून पंप ओढत बसू नका. नळीच्या जागी श्वासनलिका आक्रसत असू शकते. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा.

डिस्चार्ज कार्डावरची प्रत्येक गोळी पुढच्या भेटीत हातात धरून विचारा: ही अजून कशाला? आयसीयूत भासासाठी सुरू झालेली झोपेची गोळी सहा महिने चाललेली मी पाहिली आहे. उलटही होतं, बंद केलेली जुनी बीपीची गोळी परत सुरूच होत नाही. मात्र काहीही मनाने थांबवू नका, स्टिरॉइड तर मुळीच नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही त्याच भेटीत विचारा.

मनाचं काय, हे कोणी विचारत नाही. "नर्स मला मारायला टपली होती," असं हे शेतकरी मान खाली घालून सांगत होते. घरात बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू झाली होती. ते आयसीयूतले भास होते, तापाने, औषधांनी, जागरणाने झालेले. काही देशांत नर्स आणि नातेवाईक रुग्णाची रोजची हकिकत वहीत लिहून ठेवतात, पुढे त्याला हरवलेले दिवस जोडता यावेत म्हणून. तुम्ही तोंडी सांगितलंत तरी चालेल: कुठल्या दिवशी काय झालं, कोण भेटायला आलं. पैशांचा हिशेब चुकणं, एटीएमचा आकडा विसरणं हेही याच आजारपणाचं देणं असतं. वर्षभरही टिकतं. दचकून उठणं किंवा जगणंच नकोसं वाटणं दिसलं, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जायला उशीर नको.

ते दोघं निघताना मी त्या बाईंचं बीपी मोजलं. १७० वर १००. ह्यांच्या धावपळीत त्यांनी स्वतःच्या गोळ्या दोन महिने आणल्याच नव्हत्या.