आमच्या शाळेतला शिमगा

फाल्गुन हा आपल्या वर्षाचा शेवटचा महिना. या महिन्याच्या पुनवेला होळी येते. दुसऱ्या दिवशी धुळवड. पाचव्या दिवशी रंगपंचमी. पुढे अमावास्या झाली की गुढीपाडवा. कोकणात होळीला शिमगा म्हणतात, गोव्यात शिगमो म्हणतात. ‘सुग्रीष्मक’ या जुन्या संस्कृत शब्दावरून हे नाव आले, असे जाणकार सांगतात. ग्रीष्म म्हणजे उन्हाळा. थंडी गेली, उन्हाळा दाराशी आला, हे सांगणारा हा सण आहे.

आमचे गाव चौल. अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राकाठी. आज आपल्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. १९८१ सालापर्यंत त्याचे नाव कुलाबा होते. आम्ही शाळेत होतो तेव्हा पाटीवर ‘जिल्हा कुलाबा’ असेच लिहायचो. गावात जिकडे पाहावे तिकडे माड आणि पोफळी. माड म्हणजे नारळाचे झाड, पोफळ म्हणजे सुपारीचे. त्यांच्या बागांना आम्ही वाडी म्हणतो.

शिमगा जवळ आला की आमचे अभ्यासात लक्ष लागत नसे. खरे सांगायचे तर एरवीही फारसे लागत नसे! पण फाल्गुन लागला की शाळा सुटल्यावर आम्ही पूर्वेच्या डोंगराकडे पळायचो. तिथे पळस फुललेला असे. झाडाला पान नाही, नुसती शेंदरी फुले. ती पिशवीत भरून आणायची, पाण्यात उकळायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी पाणी केशरी होई. हा आमचा रंग. त्याला पैसा लागत नसे.

लाल रंगाची युक्ती आम्हांला गुरुजींनी शिकवली. हळद पिवळी, चुना पांढरा. दोन्ही पाण्यात एकत्र केली की रंग लाल होतो. वर्गात त्यांनी हे करून दाखवले तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. हळदीला खार लागला की ती लाल होते. हळदीचा डाग साबणाने धुताना तुम्हीही हे पाहिले असेल. मात्र चुन्याचे पाणी डोळ्यांत गेले तर डोळा भाजतो. म्हणून गुरुजींनी तो रंग कुणाच्या अंगावर टाकू दिला नाही. त्याने आम्ही कागदावर चित्रे काढली.

होळीच्या दिवशी पाखाडीतली मोठी माणसे पोफळीचे उंच खोड आणून मधे उभे करीत. भोवती लाकडे आणि सुक्या झावळ्या रचीत. घरोघरच्या बाया पुरणपोळीचा नैवेद्य आणीत. होळी पेटली की आम्ही तोंडावर हात मारून बोंब ठोकायचो. वर्षातून एकच दिवस बोंबलायला मुभा, मग घसा बसेपर्यंत बोंबललो नाही तर कसे? होळीत नारळ टाकतात. तो काठीने बाहेर ओढायला आमची झुंबड उडे. वरून जळलेला आणि आत अर्धा भाजलेला तो नारळ! तसे खोबरे आम्ही पुन्हा कुठे खाल्ले नाही.

आता लाकडांची गोष्ट. शिमग्यात पोरांनी कुणाचे लाकूड पळवले तर त्याला चोरी म्हणत नसत. घरधन्याने रागवायचे नाही, अशी रीत होती. ज्याला जपायचे असेल त्याने जागे राहावे! तोही एक खेळच होता.

१९७१ साली आम्ही सातवीत होतो. लोकसभेची निवडणूक नुकतीच आटोपली होती. भिंतींवरचे कागदही आम्ही होळीत घातले. तरी सरपण कमी वाटले. आमच्या पाखाडीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत असे. आम्ही तिला आजी म्हणायचो. तिच्या पडवीत झापांची चळत होती. नारळाची झावळी मधोमध चिरून, पाण्यात भिजवून, तिची पाती एकमेकांत विणतात. त्याला झाप म्हणतात. तेव्हा गरिबांची घरे झापांनीच शाकारलेली असत. आम्ही आठ जण होतो. आजी झोपली होती. झाप उचलले आणि होळीत टाकले. काय भडकले ते! ठिणग्या माडांपर्यंत गेल्या. बापये माणसांनी घागरी घेऊन धाव घेतली. आम्ही मात्र खुशीत नाचत होतो.

धुळवडीची सुट्टी संपली. शाळा भरली. प्रार्थनेच्या वेळी आजी दारात उभी. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “गुरुजी, माझे अठ्ठेचाळीस झाप होते. मिरगाच्या आधी घर शाकारायचं होतं. आता मी काय करू?”

आम्ही माना खाली घातल्या. छडी येणार असे वाटले. गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर गणित घातले. एका झावळीचे दोन झाप होतात, तर अठ्ठेचाळीस झापांना झावळ्या किती? चोवीस. एक माड महिन्याला एक झावळी टाकतो, तर चोवीस झावळ्या म्हणजे किती माडांचे वर्ष? दोन माडांचे. “आजीचे स्वतःचे माड किती?” गुरुजींनी विचारले. कुणीच बोलेना. आजीचा एकही माड नव्हता. ती दुसऱ्यांच्या वाडीतल्या झावळ्या मागून आणायची. मग शेवटचे गणित. अठ्ठेचाळीस झाप आठ मुलांत वाटले तर? प्रत्येकी सहा.

त्या दिवसापासून शाळा सुटली की आम्ही वाड्या हिंडू लागलो. झावळ्या डोक्यावरून ओढत आणल्या आणि तळ्याकाठी भिजत घातल्या. आजी समोर बसून शिकवी. एक पात वर, एक पात खाली. सोपे वाटते ना? आमची बोटे कापली. आमचा झाप असा विरळ होई की आजी त्यातून आमच्याकडे बघून हसे. निम्मे झाप तिने उसवायला लावले. रंगपंचमी आली तेव्हा बाकीची मुले रंग खेळत होती आणि आमचे सतरा झाप शिल्लक होते. संध्याकाळी आजीनेच पळसाच्या पाण्याचा तांब्या आमच्या डोक्यांवर ओतला. “आज पुरे,” म्हणाली. उरलेले झाप पाडव्यापर्यंत झाले.

इथे एक सांगून ठेवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. आमच्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पुढच्या होळीला गावात सरपणाला तोटा नव्हता. पण तेव्हा करोनाची साथ होती. गर्दी करू नका, होळी साधेपणाने करा, असे सरकारने सांगितले होते. पडलेली खोडे पाहून आम्हांला आजीचे गणित आठवले. एका माडाची एक झावळी, महिन्याला एक.

१९७१ च्या मिरगात पाऊस वेळेवर आला. आजीचे घर आमच्याच झापांनी शाकारले होते. दुसऱ्या दिवशी ती भिजत आमच्या दारात आली. “पोरांनो, चला,” म्हणाली. “तुमचा शिमगा माझ्या चुलीवर गळतो आहे.” आम्ही दोघे वर चढलो. भर पावसात दोन झाप काढले आणि आजीने स्वतः विणलेले दोन घातले. खाली उतरलो तोवर तिने चूल पुन्हा पेटवली होती आणि निखाऱ्यांत फणसाच्या आठळ्या टाकल्या होत्या. आम्ही त्या गरम गरम सोलून खाल्ल्या.