‘सेन्शर’ला कात्री नसते

प्रश्न : अमेरिकी संसदेने एखाद्या सदस्याला ‘सेन्शर’ केल्याची बातमी अधूनमधून येते. म्हणजे त्याच्या भाषणाला कात्री लावतात का? आणि एवढे होऊनही तो पदावर कसा राहतो?

उत्तर : कात्री चालवतो तो सेन्सॉर. सेन्शर म्हणजे ठपका. दोन्ही शब्दांचे कूळ मात्र एकच असल्यामुळे तुमची गल्लत अगदी स्वाभाविक आहे.

प्राचीन रोममध्ये सेन्सॉर नावाचे दोन अधिकारी असत. ते नागरिकांची गणना करत. ‘सेन्सस’ हा शब्द त्यातलाच. नोंद करताना ते प्रत्येकाची वागणूकही पाहत आणि गैरवर्तन दिसल्यास नावापुढे शेरा मारत. इ. स. पू. 184 मध्ये सेन्सॉर झालेल्या केटोने तर एका माजी कॉन्सललाच सिनेटमधून वगळले. सेन्शरचा अर्थ या शेऱ्याशी जुळतो. मजकूर कापण्याचा अर्थ सेन्सॉरला पुष्कळ नंतर चिकटला.

टीका कोणीही करू शकतो, अगदी कट्ट्यावर बसूनही. सेन्शर करायला अधिकार लागतो. सभागृहाने रीतसर ठराव करून नापसंती नोंदवली, तरच तो शब्द शोभतो. पद काढून घेणे ही वेगळी कारवाई असते. अमेरिकी प्रतिनिधिगृहात 2010 मध्ये चार्ल्स रँगेल यांना सर्वांसमोर उभे करून ठराव वाचून दाखवला गेला, तरीही ते पुढे काही वर्षे सदस्य होते.

मग नुसत्या ठपक्याला कोण भितो, असे वाटेल. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना तो फार झोंबला होता. राष्ट्रीय बँकेतल्या सरकारी ठेवी हलवल्याबद्दल सिनेटने 1834 मध्ये त्यांना सेन्शर केले. त्यांच्या समर्थकांनी जवळपास तीन वर्षे पिच्छा पुरवला आणि 1837 मध्ये इतिवृत्तातल्या त्या नोंदीभोवती काळ्या रेघा ओढून ती रद्द करवली. नोंद राहणे हीच सेन्शरची खरी शिक्षा आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे यालाच ‘निंदाव्यंजक ठराव’ म्हणतात, आणि तो अविश्वास ठरावाहून वेगळा. अविश्वास ठराव लोकसभेत संमत झाला, तर सरकारला जावेच लागते. निंदाव्यंजक ठरावाने तसे बंधन येत नाही. तो एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो. मात्र त्यात आरोप नेमका लिहावा लागतो. अविश्वास ठरावाला कारण द्यावे लागत नाही.