सावळा चेहरा आणि मोबाइलचा कॅमेरा

२००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेरा असलेला फोन विक्रीस आला, तेव्हा त्याचे चित्र जेमतेम एक लाख दहा हजार बिंदूंचे होते. आज आपल्या वर्गातील साध्या फोनचे चित्रही कोटीच्या घरात जाते. तरीही स्नेहसंमेलनाची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट वारंवार आढळते. गोरा विद्यार्थी ठसठशीत दिसतो आणि शेजारचा सावळा मित्र एक तर काळोखात बुडालेला असतो, नाही तर पावडर फासल्यासारखा फिकट. असे का व्हावे?

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, प्रकाश कळतो. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेइतकी यावी, हा त्याचा मूळ हिशेब. पांढऱ्या भिंतीपुढे किंवा उघड्या आकाशापुढे कोणी उभे राहिले की तो एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. नवे फोन चेहरा हेरून ही चूक पुष्कळशी सावरतात, पण पूर्णपणे नव्हे.

या दोषामागे इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचे चित्र नमुना म्हणून पुरवीत असे. 'शर्ली कार्ड' हे त्याचे नाव. म्हणजे प्रमाण ठरले ते तिच्या कातडीचे! २०२१ साली गूगलने आपल्या फोनमध्ये सावळ्या वर्णासाठी खास सुधारणा केली; उणीव होती, हे त्यातून मान्यच झाले.

आपल्या हाती काय आहे? पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे. बहुतेक फोनांत तेथे सूर्याचे चिन्ह उमटते. ते वर सरकविले की चित्र उजळते, खाली आणले की गडद होते. येथे एक गंमत आहे. सावळ्या चेहऱ्यावर बोट टेकविताच यंत्र त्यालाही करडा करू पाहते, म्हणून चिन्ह किंचित खाली आणावे लागते. पांढरे धोतर वा साडी मळकट दिसत असेल, तर उलट थोडे वर न्यावे.

खरी किमया मात्र प्रकाशाची. दुपारचे ऊन डोक्यावरून येते आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली साठते. त्यापेक्षा ओसरीच्या कडेला किंवा खिडकीपाशी माणसाला बसवावे. बाजूने येणारा मऊ उजेड सावळ्या गालावर चमक आणतो. ही चमक गोऱ्या चेहऱ्यावर इतकी उठून दिसत नाही, असे माझे मत आहे. आषाढी वारीत चेहरे सुरेख येतात, त्याचे निम्मे श्रेय ढगाळ आभाळाला द्यायला हवे. मागे पांढरी भिंत नको. सारवलेली भिंत किंवा झाड चालेल. फार जवळूनही टिपू नये, नाक मोठे येते. आणि भिंग आधी रुमालाने पुसावे, हे सांगायला नकोच!

चेहरा 'सुंदर' करणारी सोय मात्र प्रथम बंद करावी. ती आजीच्या सुरकुत्या पुसते आणि तिचा रंगही परस्पर उजळते. आजीने तशी मागणी केलेली नसते.

भर उन्हात फोनचा पडदा आपोआप प्रखर होतो, म्हणून तेथल्या तेथे पाहून निर्णय करू नये. सावलीत यावे आणि ती व्यक्ती शेजारी असतानाच चित्र आणि चेहरा ताडून पाहावा.