एका मिनिटाचे श्वास



समजा, पौषातली थंडी पडली आहे. देवगाव फाट्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, शेतातल्या आखाड्यावर तुमचे घर आहे. कापसाची वेचणी संपत आली आहे, ज्वारी हुरड्यात आहे. तुमची दहा महिन्यांची बहीण तीन दिवसांपासून सर्दी-खोकल्याने बेजार आहे. आजीने तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून तिची छाती शेकली, आईने अंगाला तेल चोळले. तरी दिवस मावळताना ताप वाढलाच. बाबा विचारतात, "आत्ताच फाट्यावर जाऊन सेलूची गाडी धरावी, की सकाळ होऊ द्यावी?" आजी म्हणते, "सर्दीच हाय, उतरंल उद्या." आई काहीच बोलत नाही.

असा प्रसंग घरोघरी येतो. साधी सर्दी असेल तर धावपळ वाया जाते. न्यूमोनिया असेल तर एक रात्रही महाग पडू शकते. जवळ डॉक्टर नाही, छाती तपासायची नळी नाही. मग ठरवायचे कसे? अशा वेळी उपयोगी पडणारे एक मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. त्याला लागते फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ.

श्वास वाढतो का?

आपल्या फुफ्फुसांत अतिशय बारीक, फुग्यांसारखे कोट्यवधी वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सर्दी होते ती नाकाघशात. वायुकोश मोकळेच असतात. न्यूमोनियात मात्र जंतूंमुळे वायुकोशांना सूज येते व त्यांत पाण्यासारखा द्रव आणि पू साचतो. जितके वायुकोश भरले तितके कामातून गेले. शिवाय फुफ्फुस ताठर होते, त्यामुळे एका श्वासात पूर्वीइतकी हवा आत येत नाही.

आता शरीर काय करते? मोटेतून थोडे थोडे पाणी येऊ लागले, तर तेवढेच पाणी काढायला खेपा वाढवाव्या लागतील. शरीरही तसेच करते. श्वास उथळ झाला की ते श्वासांची संख्या वाढवते. म्हणजे आत घडलेला बिघाड बाहेरून मोजता येतो!

मर्यादा कोणती?

निरोगी मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. लहान मुलाची फुफ्फुसे छोटी आणि वजनाच्या मानाने प्राणवायूची गरज जास्त. म्हणून त्याचा श्वास मुळातच जलद असतो. त्यामुळे वयानुसार मर्यादा वेगवेगळ्या आहेत. खोकला असलेल्या मुलाचा श्वास पुढील आकड्याइतका किंवा त्याहून अधिक असेल, तर तो जलद समजतात :

२ महिन्यांहून लहान : मिनिटाला ६०
२ महिने ते १ वर्षापर्यंत : मिनिटाला ५०
१ ते ५ वर्षे : मिनिटाला ४०

१८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला. तेव्हापासून छातीचा आजार म्हणजे नळीने ऐकून ओळखायचा, हेच रूढ होते. १९८० नंतरच्या दशकात पापुआ न्यू गिनी या बेटावरील देशात फ्रँक शान यांनी दाखवून दिले, की लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजण्याची साधी रीत फार उपयोगी आहे. आणि ती रीत डॉक्टर नसलेल्या माणसालाही शिकता येते.

गडचिरोलीच्या दायांचे मणी

आपल्या महाराष्ट्रात ही गोष्ट प्रत्यक्षात उतरली ती गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्या आरोग्यसेवकांना व दायांना त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. पण अडचण अशी, की कित्येक दायांना पन्नासपर्यंत मोजताच येत नव्हते. मग एक साधे यंत्र तयार झाले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधीच लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ५८ गावांत न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णबालकांवर उपचार झाले. त्यांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. अशी सोय नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. हे आकडे शांतपणे पुन्हा वाचा. एकीकडे शंभरांत एकाहूनही कमी, तर दुसरीकडे तेरा-चौदा मुले!

मोजायचे कसे?

१. मूल शांत असावे. रडताना, दूध पिताना किंवा नुकतेच खेळून आल्यावर मोजू नये. आईच्या मांडीवर झोपले असेल तर उत्तम.
२. झबले वर करून पोट व छाती उजेडात पाहावी. वर येणे आणि खाली जाणे मिळून एक श्वास.
३. पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो.
४. आकडा मर्यादेजवळ किंवा वर आला, तर पुन्हा एकदा मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत हे विसरू नये.

याच वेळी आणखी एक खूण पाहावी. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का? 'पोट उडते' असे आजी म्हणते, ते बहुधा हेच. काही भागांत या आजाराला 'डबा' म्हणतात आणि पोटावर चटके देतात किंवा बिब्बा घालतात. त्याने वायुकोशांतला द्रव कमी होत नाही. बाळाला जखम मात्र होते आणि मोलाचा वेळ जातो.

आकडा कमी आला तर?

तर बहुधा सर्दीच आहे. बाळाला उबेत ठेवावे, अंगावरचे दूध वारंवार पाजावे, चुलीच्या धुरापासून दूर ठेवावे. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. उरलेले जंतुनाशक औषध स्वतःहून देऊ नये. साध्या सर्दीच्या विषाणूंवर ते चालत नाही. दुसऱ्या दिवशी श्वास पुन्हा मोजावा.

परंतु आकडा कमी असला तरी पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले, तर थांबू नये : दूध-पाणी न घेणे, सगळे उलटून पडणे, झटके, गुंगी, पोट उडणे, ओठ निळसर होणे. दोन महिन्यांखालील बाळ दूध ओढेनासे झाले, तापले किंवा थंड पडले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

पुन्हा आखाड्यावर

आता बहिणीकडे वळू. आईने तिला मांडीवर घेतले, तुम्ही घड्याळ धरले. पहिल्यांदा ५६ श्वास आले, दुसऱ्यांदा ५७. तिचे वय दहा महिने, मर्यादा ५०. न्यूमोनिया आहेच असे यावरून सिद्ध होत नाही. जलद श्वासाला इतरही कारणे असतात, ते डॉक्टर पाहतील. पण बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. सकाळची वाट पाहायची नाही. आजीचा अंदाज चुकला म्हणून तिला हसू नका. तिच्या शेकण्यात मायाच होती. तिच्या हातात फक्त आकडा नव्हता, तो तुम्ही दिलात.

करून पाहा

१. स्वस्थ बसून शेजाऱ्याला तुमचे श्वास मोजायला सांगा. मैदानाला एक फेरी मारून आल्यावर पुन्हा मोजा. फरक का पडला?
२. घरातील पाच वर्षांखालील निरोगी मुलाचे श्वास, ते झोपलेले असताना, तीन दिवस मोजून वहीत लिहा.
३. शिक्षकांनी वरील तीन मर्यादांचा तक्ता वर्गात करून घ्यावा. प्रत्येकाने तो घरी घड्याळाशेजारी लावावा. रात्री-बेरात्री शोधत बसावे लागू नये.