शाबासकी आणि तिचा पुरावा

प्रस्तावना

मुलाने चांगले काही केले की आपण त्याची पाठ थोपटतो. पुढे मूल तसेच वागू लागले, तर 'शाबासकीचा गुण आला' असे म्हणतो. पण तो गुण शाबासकीचाच होता हे कशावरून? मूल वयाने वाढले म्हणून, किंवा त्याला नवा सवंगडी मिळाला म्हणूनही ते बदलले असेल. शिवाय शाबासकी प्रत्येक वेळी द्यावी की अधूनमधून? या दोन प्रश्नांचा शिस्तीने विचार करणाऱ्या ज्ञानशाखेला 'उपयोजित वर्तन विश्लेषण' असे म्हणतात. तिच्यातील एका गाजलेल्या प्रयोगाच्या आधारे लिहिलेला हा माहितीपर लेख आहे. वाचताना पारिभाषिक शब्दांचे अर्थ संदर्भावरून लावण्याचा प्रयत्न करा.

मूळ पाठ

अमेरिकेतील सिएटल या शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाची एक प्रायोगिक बालवाडी होती. तेथे चार वर्षांची एक मुलगी येत असे. ती बुद्धीने चुणचुणीत होती, मोठ्या माणसांशी तिचे चांगले जमे. मात्र मुलांच्या घोळक्यात ती जात नसे. कुठेतरी कोपऱ्यात एकटीच उभी राही, नाहीतर शिक्षिकांच्या अवतीभवती रेंगाळे. ती एकटी दिसली की कोणी ना कोणी शिक्षिका कळवळून तिच्यापाशी जाई, तिची विचारपूस करी, तिला खेळायला जाण्याविषयी समजावी. या मायेतच खरी अडचण दडलेली असावी, अशी शंका आयलीन ॲलन, बेटी हार्ट, माँट्रोझ वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आली. मुलीला शिक्षिकांचे लक्ष हवे होते आणि ते एकटे राहिल्यानेच मिळत होते.

एखाद्या कृतीनंतर जे मिळाल्यामुळे ती कृती पुन्हापुन्हा घडू लागते, त्याला 'प्रबलक' म्हणतात आणि या प्रक्रियेला 'प्रबलन'. प्रबलक म्हणजे खाऊ किंवा बक्षीसच असे नव्हे. या मुलीच्या बाबतीत शिक्षिकेचे नुसते जवळ येणे पुरेसे होते.

संशोधकांनी लगेच उपाय सुरू केला नाही. पहिले पाच दिवस त्यांनी काहीही न बदलता केवळ नोंदी केल्या. या 'मूळ नोंदी'नुसार मुलीचा सुमारे १० टक्के वेळ मुलांबरोबर जात होता, तर सुमारे ४० टक्के वेळ मोठ्यांबरोबर. सहाव्या दिवसापासून शिक्षिकांनी आपली रीत उलटी केली. मुलगी एकटी असली किंवा शिक्षिकेला बिलगली, तर तिच्याकडे फारसे लक्ष द्यायचे नाही. ती मुलांमध्ये असली की आवर्जून द्यायचे. प्रारंभी तर ती दुसऱ्या मुलाच्या शेजारी नुसती उभी राहिली तरी तेवढे पुरेसे मानले गेले. यात एक बारीक गोष्ट लवकरच ध्यानात आली. तिच्याशी थेट बोलले, की ती खेळ सोडून शिक्षिकेकडेच वळे. म्हणून शिक्षिका साऱ्या गटाला उद्देशून बोलू लागल्या. कौतुक खेळाचे व्हायचे आणि त्यात तिचाही वाटा असायचा. मुलांबरोबरचा तिचा वेळ ६० टक्क्यांच्या आसपास गेला.

एखाद्या पालकाने येथेच समाधान मानले असते आणि त्यात त्याचे काही चुकलेही नसते. संशोधकाला मात्र 'आधी' आणि 'नंतर' एवढ्यावर थांबता येत नाही. बाराव्या दिवशी शिक्षिकांनी पुन्हा जुनी रीत धरली : एकटेपणाकडे लक्ष, खेळाकडे दुर्लक्ष. मुलांबरोबरचा वेळ २० टक्क्यांखाली घसरला आणि मोठ्यांबरोबरचा पुन्हा ४० टक्क्यांजवळ आला. हे पाच दिवस चालले. सतराव्या दिवशी नवी रीत परत आली आणि तिच्याबरोबर मुलीचा खेळही परतला. बदल एकदाच घडला असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. शिक्षिकांच्या वागण्याबरोबर तो तीनदा दिशा बदलतो, तेव्हा तसे म्हणणे कठीण होते. या रचनेला 'प्रत्यावर्तन आराखडा' म्हणतात. प्रत्यावर्तन म्हणजे मागे फिरणे. येथे शेकडो मुलांच्या दोन गटांची तुलना नाही. एकाच मुलीची तुलना तिच्याच आधीच्या दिवसांशी आहे.

खेळू लागलेल्या मुलीला जाणूनबुजून पुन्हा एकटे पडू देणे योग्य होते काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. ते पाच दिवस शिक्षिकांना जड गेले असणार. आलेख त्याविषयी काही सांगत नाही. संशोधकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की खरे कारण न कळता सोडून दिलेली मुलगी पुढे पुन्हा एकटी पडली असती, तर काय करावे हे कोणालाच ठाऊक नसते. तरीही स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाची इजा थांबली असेल, तर निव्वळ पुराव्यासाठी ती परत येऊ देणे समर्थनीय ठरणार नाही.

आता दुसरा प्रश्न. शिक्षिका आयुष्यभर या मुलीच्या मागे उभ्या राहणार नव्हत्या. म्हणून शेवटच्या टप्प्यात लक्ष देण्याचे प्रमाण हळूहळू विरळ करण्यात आले. अखेरीस इतर मुलांना मिळे तेवढेच तिलाही मिळू लागले. असे विरळ प्रबलन का टिकते, याचा शोध आधी एका गैरसोयीतून लागला होता. बी. एफ. स्किनर हे मानसशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत. उंदराने दांडी दाबली की त्याला खाद्याची गोळी मिळे आणि या गोळ्या ते स्वतः तयार करीत. एका शनिवारी दुपारी त्यांच्या ध्यानात आले, की उरलेल्या गोळ्या सोमवारपर्यंत संपतील. गोळ्या करीत बसण्याऐवजी त्यांनी प्रत्येक दाबण्याला गोळी देणे बंद केले आणि मिनिटाला एकच दिली. उंदीर दांडी दाबत राहिले! पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्यासह १९५७ साली त्यांनी या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यामागे प्रामुख्याने कबुतरांच्या वर्तनाच्या सुमारे ७०,००० तासांच्या नोंदी होत्या.

प्रबलन केव्हा मिळेल याच्या नियमाला 'प्रबलनाचे वेळापत्रक' म्हणतात. हजार विड्या वळल्या की ठरलेली मजुरी, हे 'स्थिर गुणोत्तर'. लॉटरीचे कितवे तिकीट लागेल ते कोणालाच माहीत नसते. ते 'परिवर्ती गुणोत्तर', आणि माणूस तिकिटे घेत राहतो ते त्यामुळेच. काळावर आधारलेली वेळापत्रके समजण्यास घरचा नळ बरा. पाणी रोज सहालाच येत असेल, तर चारला कोणी तोटी फिरवत नाही. सहा वाजत आले की हात तिकडे वळतो. हे 'स्थिर कालांतर'. पाणी केव्हाही येत असेल, तर दिवसभर थोड्याथोड्या वेळाने तोटी फिरवून पाहिली जाते. हे 'परिवर्ती कालांतर'. (पुष्कळ पुस्तकांत महिन्याचा पगार हे स्थिर कालांतराचे उदाहरण म्हणून दिलेले असते. ते नीट बसत नाही, कारण महिना भरल्यावर केलेल्या एखाद्या विशिष्ट कृतीमुळे पगार हाती पडतो असे नाही.)

दर वेळी मिळणारे प्रबलन एकाएकी थांबले, तर वर्तन लवकर मावळते. दिव्याचे बटण दाबूनही दिवा लागला नाही, की दोनचार वेळा दाबून आपण ते सोडून देतो. अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने घडलेले वर्तन अधिक काळ तग धरते. म्हणून नवे वर्तन शिकवताना प्रत्येक वेळी आणि ते रुजू लागल्यावर विरळ, असा क्रम ठेवतात. प्रयोग संपल्यानंतरच्या दिवसांत त्या मुलीच्या अधूनमधून नोंदी घेतल्या, तेव्हा तिचे मुलांत मिसळणे बरेचसे टिकून होते.

मुलगी पुन्हा एकटी राहू लागली होती, हे येथे शक्य झाले; पण वाचायला शिकलेले मूल शिकवणी थांबवल्यावर निरक्षर होत नाही. तेथे प्रत्यावर्तन चालत नाही. १९६८ साली डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिझली यांनी या शाखेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात अशा प्रसंगांसाठीही एक रचना मांडली, ती 'बहुविध मूळरेषा' आराखड्याची. समजा, तीन मुलांची नोंद एकाच दिवशी सुरू केली. पहिल्याला शिकवणे पहिल्या आठवड्यानंतर सुरू होते, दुसऱ्याला दुसऱ्या आणि तिसऱ्याला तिसऱ्या. प्रत्येकाची प्रगती त्याच्या त्याच्या शिकवण्यापासूनच दिसू लागली, तर ती शिकवण्यामुळे झाली असे म्हणता येते. कोणाचेही मिळालेले काढून घ्यावे लागत नाही. तिसऱ्या मुलाला मात्र तीन आठवडे थांबावे लागते.

शब्दार्थ : चुणचुणीत – तल्लख, चपळ, प्रत्यावर्तन – मागे फिरणे, परिवर्ती – बदलत राहणारे, कालांतर – दोन घटनांमधील वेळ, तग धरणे – टिकून राहणे.

पाठावरील प्रश्न

१. शिक्षिकांच्या मायेतच अडचण दडलेली असावी, असे संशोधकांना का वाटले?
२. बाराव्या दिवशी जुनी रीत परत आणली नसती, तर प्रयोगात कोणती उणीव राहिली असती?
३. तुमच्या परिसरातील 'परिवर्ती गुणोत्तरा'चे एक उदाहरण पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. त्या पाच दिवसांविषयी तुमचे मत काय? बालवाडीतील शिक्षिका आणि संशोधक यांच्यातील संवादाच्या रूपात लिहा.