गाडी बोलावण्याआधी

हे बघ सोने, डोळ्यांदेखत मोसंबी वाळायला लागल्यावर जीव कासावीस होणारच. पण बोअरची गाडी बोलावण्याआधी ताईचं एवढं ऐक. आधी कागद, मग गाडी.

सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०१० लाच सांगून ठेवलंय, की बोअर घ्यायच्या किमान १५ दिवस आधी जागेच्या मालकानं लेखी कळवायचं. गावात सरपंचांकडे अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. नुसतं कानावर घालणं म्हणजे कळवणं नव्हे. गाडीवाल्याकडे नोंदणी आहे का तेही बघ. "वहिनी, रात्रीत काम उरकतो," म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

दुसरं, खोलीचं. आपल्या राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठीच्या बोअरला ६० मीटरची, म्हणजे साधारण २०० फुटांची हद्द आहे. जुनाच बोअर आणखी खाली न्यायचा म्हटलंस, तरी ती ओलांडायची नाही. शेजारी गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असेल, तर ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय हात लावू नकोस. त्या पाण्यावर सगळं गाव जगतं गं.

आणि मला खरी धास्ती आहे ती कोरड्या गेलेल्या बोअरची. पाणी लागलं नाही की गाडी निघून जाते, माणसं हताश होऊन घरी येतात, आणि ते भोक तसंच राहतं. २००६ मध्ये हरियाणातल्या हल्दाहेडीत पाच वर्षांचं पोर असंच साठेक फूट खाली गेलं. जवळजवळ ५० तासांनी लष्करानं त्याला जिवंत काढलं. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. तुझी पोरं दिवसभर त्याच बांधावर खेळतात.

म्हणून कोरडा गेला, तर त्याच दिवशी तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोटे टाकून बुजव. बुजवल्याचा दाखलाही मागून घे, तोही नियमातच आहे. पाणी लागलं, तर केसिंगभोवती सिमेंटचा ओटा कर आणि वर बोल्टचं झाकण बसव. दुरुस्तीला मोटर वर काढली, तरी तोंड उघडं ठेवायचं नाही.

तुझा जुना आटलेला बोअरही यातच आला बरं. दाजींना म्हणावं, नव्याचा अर्ज द्यायला जाल तेव्हा त्याच्याबद्दलही ग्रामसेवकांशी बोलून या. आणि अर्जावर गट नंबर नीट लिहा.